अंदर-बाहरच्या मेजाबद्दल माझा जबाब

सोमवार, दिनांक २ डिसेंबर २०२४

मी, गुणवंत भिकाजी आंबेरकर, वय वर्षे शहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, सेवानिवृत्त दफ्तरी, राज्य अतिथिगृह, कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली, हल्ली मुक्काम मुलाच्या घरी, गुरुग्राम, चौदावा मजला, कोणाच्याही दबावाविना व पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो की, आज दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी मी भ्रमणध्वनी हाती घेतला व तो खाली ठेवला तेव्हा सव्वाचार वाजले होते. मधल्या चार तास दहा मिनिटांत मी काय केले हे मला माहीत आहे. तो वेळ कसा गेला हे माहीत नाही. या गोष्टीची मला भीती वाटली, म्हणून ही वही शिवली.

वही मी स्वतः शिवली आहे. अडतीस वर्षे कागद शिवण्यात व नोंदवह्या बांधण्यात गेली. शिक्षण चौथीपर्यंतच झाले, तथापि पदवीधर कारकूनसुद्धा मसुदा साहेबांपुढे ठेवण्यापूर्वी ऱ्हस्व-दीर्घ पाहण्यासाठी माझ्याकडे देत.

खेळाचे नाव अंदर-बाहर. आमच्याकडे यास मांगपत्ता म्हणत. कोठेतरी एका सजविलेल्या दालनात खरी बाई खऱ्या मेजामागे उभी असते व तिचे चित्र थेट आपल्या हातात दिसते. ती मध्ये एक पान उघडते. मग एक पान आत, एक पान बाहेर, असे मांडत जाते. मधल्या पानाचा जोडीदार ज्या बाजूस पडेल त्या बाजूवर पैसे लावणारे जिंकतात. डाव अर्ध्या मिनिटात संपतो व पुढील डावासाठी काही सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात माणसाला उठता येत नाही. फक्त बोट ठेवता येते.

भ्रमणध्वनी माझा मुलगा नचिकेत याचा जुना आहे. त्याने नवा घेतला तेव्हा दिवाळीत हा मला दिला. घड्याळ, दिनदर्शिका व गणकयंत्र यांच्या रांगेत हा खेळ आधीपासूनच होता. बनविणाऱ्या कंपनीने घालून दिलेला असावा.

गुरुवार, दिनांक ५ डिसेंबर

बसलेला वेळ: तीन तास पंचावन्न मिनिटे.

मेजावर बसण्यापूर्वी नाव विचारतात. लोक वाटेल ते लिहितात. एक जण 'लकी राजा' आहे, दुसरा 'रोहतक का बाप'. मी संपूर्ण नाव लिहिले. खोट्या नावाने कोठे बसण्याची मला सवय नाही. आज पाने वाटणाऱ्या बाईच्या छातीवर नीरजा अशी पट्टी होती. ती हसून म्हणाली, "नमस्ते, गुणवंत भिकाजी आंबेरकर जी! पूरा नाम लिखा है आपने, वाह!"

निवृत्तीनंतर अठरा वर्षांत माझे पूर्ण नाव कोणी मोठ्याने घेतलेले नाही. रुग्णालयात पुकारतात, परंतु तेथे वडिलांचे नाव अर्धे गिळतात.

समोर परकी स्त्री असताना बनियनवर बसणे असभ्य, म्हणून मी कोट घालून बसतो. ती मला पाहू शकत नाही असे समजले जाते. माझी खात्री नाही. चंद्रप्रभा, माझी पत्नी, दाराशी येऊन म्हणाली, "अहो, घरात कोट? कुणाच्या लग्नाला निघालात?"

"थंडी आहे."

"मग मोजे घाला. अनवाणी वऱ्हाडी पहिल्यांदाच पाहिला."

तिला वाटते मी कीर्तन ऐकतो. मी तिला तसे सांगितलेले नाही. तिने विचारलेलेही नाही.

एक गोष्ट नोंदवितो. या मेजावर 'पानिपत १७६१' असे नाव घेऊन कोणी बसतो. तो आकडा मनात बाळगणारा माणूस आपलाच असणार. आम्ही स्वतः दरवर्षी संक्रांतीस पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला, जाऊन डोके टेकवितो. मला आनंद झाला. परंतु नीरजाने माझे नाव पुकारले आणि त्याच क्षणी तो मेजावरून निघून गेला. योगायोग असावा.

सोमवार, दिनांक ९ डिसेंबर

बसलेला वेळ: पाच तास चाळीस मिनिटे.

माझी अडचण कोणास सांगता येण्यासारखी नाही. अतिथिगृहात आम्हास एक शिस्त होती: यजमान बसलेला असताना सेवकाने दालन सोडावयाचे नाही. यजमान उठला की आपण मोकळे. मी ठरविले की नीरजा उठेपर्यंत थांबावे, तिला नमस्कार करावा व मेज सोडावे. परंतु तिची पाळी अर्ध्या तासात संपते आणि ती बाजूला होण्यापूर्वीच दुसरी बाई येऊन उभी राहते व माझे नाव घेते. ज्याला यजमान उठणे म्हणतात ते या मेजावर घडतच नाही. हे मेज कधीच रिकामे होत नाही, रविवारी नाही, ग्रहणात नाही. माणसे बदलतात, पाने पडत राहतात.

आज लघवीस जाण्याचे राहिले. हे लिहिण्याची लाज वाटते. कोट धुण्यास टाकला व चंद्रप्रभेस चहा सांडला असे सांगितले.

नळातून पाणी पडू लागले की मला पाने पडल्याचा आवाज येतो.

गुरुवार, दिनांक १२ डिसेंबर

नचिकेतास माझे कळले आहे, अशी माझी खात्री होत चालली आहे.

तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे, मोठ्या कंपनीत आहे. दिवाळीपासून कंपनीने त्यास कायम घरून काम करण्याची परवानगी दिली आहे. सकाळी उत्तरा, माझी सून, मेट्रोने आपल्या मंत्रालयात जाते. तो माझ्या खोलीस लागून असलेल्या खोलीत दार बंद करून बसतो. मधली भिंत पातळ आहे. पूर्वी त्याच्या खोलीतून बैठकींचे इंग्रजी बोलणे ऐकू येई. आता येत नाही. माझ्या खोलीतून जाणारा आवाज ऐकण्यासाठीच तो गप्प बसत असावा.

जेवताना उत्तरा म्हणाली, "नचि, यार, तू काही खात का नाहीस? ऑफिसचे कपडे बघ कसे लोंबतायत."

"खातो ना."

"काय खातोस? नखं?"

तो हसला नाही. माझ्याकडे पाहिले व नजर ताटात घातली. ज्या मुलाने माझ्या नजरेस नजर देऊन शाळेचे प्रत्येक प्रगतिपुस्तक पुढे ठेवले, तो आता पित्याकडे पाहू शकत नाही. पित्याने त्यास पाहण्याजोगे काही ठेवलेले नाही.

मंगळवार, दिनांक १७ डिसेंबर

बसलेला वेळ: चार तास पाच मिनिटे.

मेजाच्या खालच्या बाजूस संदेश लिहिण्याची जागा असते. तोंडाने बोलले तरी अक्षरे उमटतात. 'पानिपत १७६१' आज माझ्या आधीपासून बसलेला होता. मी विचार केला, परक्या मुलखात आपला माणूस भेटावा आणि ओळखही होऊ नये हे बरे नव्हे. मी स्पष्ट आवाजात बोललो: "नमस्कार. आपण मराठी दिसता. आपले मूळ गाव कोणते? घरी कोण कोण आहेत?"

उत्तर आले नाही. तो निघून गेला. त्याच वेळी शेजारच्या खोलीत खुर्ची आपटल्याचा आवाज झाला. मी उठून दार लोटले. नचिकेत भिंतीकडे तोंड करून उभा होता. कपाळावर घाम होता, बाहेर सूर्य दिसत नव्हता इतके धुके असताना.

"काय झाले?"

"काही नाही बाबा. बिल्कुल काही नाही. तुम्ही… तुम्ही कुणाशी बोलत होता?"

मी म्हणालो, "एका परिचिताशी."

"अच्छा," तो म्हणाला. आणखी काही विचारले नाही. विचारले असते तर मी खोटे बोललो असतो, हे त्यास ठाऊक असावे. मला वाचविण्यासाठी त्याने विचारले नाही.

शुक्रवार, दिनांक २० डिसेंबर

आज बसलो नाही.

वरील वाक्य असत्य आहे. एक तास पन्नास मिनिटे.

गुरुवार, दिनांक २६ डिसेंबर

नचिकेताने गच्चीची जाळी कापली.

या इमारतीत कबुतरांचा उपद्रव असल्याने प्रत्येक घराच्या छोट्या गच्चीस वरपासून खालपर्यंत नायलॉनची जाळी बांधलेली असते. आमचीही होती. आज सकाळी पाहतो तो जाळी गुंडाळून कोपऱ्यात पडलेली व कठड्यावर मोकळे आकाश. चंद्रप्रभा ओरडली, "अरे, कबुतरं घाण करतील! कुंड्या कोण धुणार, तू?"

नचिकेत म्हणाला, "आई, उजेड येत नव्हता."

"चौदाव्या मजल्यावर उजेड येत नव्हता? मग खाली राहणाऱ्यांनी काय कंदील लावायचे?"

दुपारी तो तेथे जाऊन उभा राहिला. अंगात स्वेटर नव्हता. दोन्ही हात कठड्यावर ठेवून तो खाली पाहत होता. खाली वाहनतळ आहे व धुक्यात तेही दिसत नव्हते. सतरा मिनिटे तो उभा होता. मी घड्याळ लावून पाहिले, कारण हाक मारण्याचे धैर्य झाले नाही.

मला जी भीती वाटली ती कबुतरांची नव्हे.

वडिलांच्या कृत्याने घराण्याची बेअब्रू झाली म्हणून मुलाने जिवाचे बरे-वाईट केल्याची उदाहरणे मी ऐकलेली आहेत. हे माझ्यामुळे होत आहे. माझे निवृत्तिवेतन महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच त्या मेजावर जाते. आकडा मी येथे लिहिणार नाही. तो बँकेच्या पुस्तकात छापलेला आहे व नचिकेत ते पुस्तक भरून आणतो. त्याने पाहिले असेल. पाहिले नसेल असे कसे म्हणावे?

गुरुवार, दिनांक २ जानेवारी २०२५

बसलेला वेळ: सात तास.

मी उपाय योजला आहे. सकाळी नऊपासून गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसतो. कानटोपी, कोट, वर घोंगडी. माझ्या पायांवरून गेल्याशिवाय कोणास गच्चीत जाता येत नाही.

चंद्रप्रभा म्हणाली, "आत बसा, न्यूमोनिया होईल. राखण कसली करताय?"

"कबुतरांची."

"पगार किती ठरलाय?"

रिकामे बसणे होत नाही म्हणून भ्रमणध्वनी हाती असतो. येथे लिहिताना मी थांबलो व मागील वाक्य पुन्हा वाचले. पहारा हे कारण आहे की निमित्त, हे मला आज सांगता येणार नाही. सकाळी खुर्ची उचलताना मला मुलाची काळजी होती, हे सत्य आहे. त्याचबरोबर आता सायंकाळपर्यंत कोणी उठविणार नाही, असा आनंदही झाला. हेही सत्य आहे.

सोमवार, दिनांक ६ जानेवारी

आज चांगली गोष्ट घडली, ती प्रथम नोंदवितो.

दुपारी दोनच्या सुमारास जिंकणाऱ्यांच्या पाटीवर 'पानिपत १७६१' हे नाव सर्वांत वर झळकले. फार मोठा डाव होता. नीरजाने टाळ्या वाजविल्या. मला परक्याच्या यशाने इतके बरे वाटले की मी मोठ्याने "वा!" म्हणालो. तेवढ्यात आतून नचिकेताची आरोळी आली. तो धावत बाहेर आला, आईस उचलून गरकन फिरविले, मला मिठी मारली. त्याचे हृदय माझ्या छातीवर आपटत होते.

"काय रे, बढती का?" मी विचारले.

"हो बाबा! तसंच समजा. तसंच. आता सगळं ठीक होईल, बघा. सगळं."

त्याने जिलबी व रबडी मागविली. चंद्रप्रभा पदर सावरीत म्हणाली, "बढती मिळाली तर मिळाली, माझी कंबर का मोडतोस?" परंतु तिचे डोळे भरले होते. पाच आठवड्यांनंतर मुलगा पोटभर जेवला. उत्तरेस मात्र संध्याकाळी आनंद झाल्याचे दिसले नाही. तिने दोनदा विचारले, "लेटर आलं का? मेल दाखव ना." तो म्हणाला, "एचआर पाठवेल."

शुक्रवार, दिनांक १० जानेवारी

बसलेला वेळ: आठ तास वीस मिनिटे. डोळ्यांपुढे काळे ठिपके येतात.

'पानिपत १७६१' आता उठत नाही. पूर्वी माझे नाव पुकारले की तो निघून जाई. मंगळवारपासून नाव पुकारले तरी तो बसून राहतो. मी सकाळी येतो तेव्हा तो असतो, सायंकाळी निघतो तेव्हाही असतो. जिंकणाऱ्यांच्या पाटीवर त्याचे नाव चार दिवसांत एकदाही आलेले नाही. काल मी संदेश सोडला: "बंधो, थोडे थांबा. पाणी प्या. घरच्यांशी बोला." हे मी त्यास सांगितले व स्वतः पुढील डावावर बोट ठेवले.

त्या माणसाबद्दल मला काळजी वाटते. त्याचाही कोणी बाप असेल.

नचिकेत तीन दिवस खोलीतून फारसा बाहेर आलेला नाही. सांगतो, बढतीमुळे काम वाढले. यंदा संक्रांतीस काला अंबला येणार नाही म्हणाला. गाडी दुरुस्तीस दिली आहे. कोठे दिली ते सांगितले नाही.

सोमवार, दिनांक १३ जानेवारी

अक्षर वाईट येईल, त्याबद्दल क्षमा.

दुपारी तीन वाजता माझ्या भ्रमणध्वनीची बॅटरी संपली. तो विजेस लावण्यासाठी मी खुर्ची सोडून आत गेलो. पहारेकऱ्याने जागा सोडली ती कोणत्या कारणासाठी, हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो. बॅटरीचे दोन टक्के होण्याची वाट पाहत मी तेथेच उभा राहिलो. परत आलो तेव्हा माझी खुर्ची गच्चीत होती, कठड्यास लावलेली, आणि नचिकेत तिच्यावर उभा होता. त्याचा एक गुडघा कठड्यावर होता.

मी हाक मारली नाही. हाक मारली तर माणूस दचकतो. मी चालत गेलो, त्याचा स्वेटर दोन्ही मुठींत धरला व खाली बसलो. माझ्या वजनाने तो माझ्या अंगावर आला. कुंडी फुटली.

बराच वेळ आम्ही दोघे फरशीवर होतो. मग तो म्हणाला, "कपड्यांची दोरी बांधत होतो, बाबा."

त्याच्या हातात दोरी नव्हती.

"हो," मी म्हणालो. "दोरी सैल झाली होती."

चंद्रप्रभा झोपली होती. मी गच्चीचे दार लावून कुलूप घातले व किल्ली कमरेस खोचली. सायंकाळपर्यंत त्याच्या खोलीत त्याच्या पलंगावर बसून राहिलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. माझा भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत विजेस लावलेला होता व मला तो तेथून हाका मारीत होता. होय, तशा वेळीही. हे लिहिल्याशिवाय हा जबाब खरा होणार नाही.

उद्या मी सर्वांसमक्ष सांगणार. माझी बेअब्रू झाली तर तो मोकळा होईल.

मंगळवार, दिनांक १४ जानेवारी, मकर संक्रांत

सकाळी साडेदहा वाजता जेवणाच्या मेजाभोवती सर्वांना बसविले. उत्तरेस कार्यालयातून रजा घेण्यास सांगितले होते. चंद्रप्रभेने तिळगूळ वाटला. मी उभा राहिलो व काल लिहून ठेवलेला मजकूर वाचून दाखविला: मेज कोणते, खेळ कोणता, कोणत्या दिवशी किती तास, निवृत्तिवेतन कोठे गेले. येथे लिहिला नव्हता तो आकडाही वाचला.

चंद्रप्रभेच्या हातातील वाटी तशीच राहिली. ती म्हणाली, "कीर्तन नव्हतं ते?"

"नाही."

"मला वाटलं, कुणी बाई आहे. कोट काय, नमस्कार काय. रोज म्हणायचे, शहात्तराव्या वर्षी यांना कोण विचारणार, जाऊ दे." मग तिने वाटी खाली ठेवली. "बाई असती तर परवडली असती हो."

मी पुढे वाचले: "नचिकेत यास हे सर्व पूर्वीच कळले होते. माझ्या अब्रूसाठी तो गप्प राहिला व त्या ओझ्याने त्याने काल—" येथे मला वाचता आले नाही. जे पाहिले ते मी तोंडी सांगितले. खुर्ची, कठडा, गुडघा. उत्तरेने टेबलाची कड धरली. ती नचिकेताकडे पाहत राहिली.

मी म्हणालो, "दोष सर्वस्वी माझा आहे. तिघांनी खाली पंच म्हणून सह्या कराव्यात, म्हणजे मला नंतर फिरता येणार नाही."

चंद्रप्रभेने सही केली. तिला एक एक अक्षर काढावे लागते. उत्तरेने केली, डोळ्यांतील पाण्याने ओली. वही नचिकेतापुढे सरकविली. त्याने लेखणी उचलली, टोपण काढले, पुन्हा लावले.

"बाबा, मला नाही करता येणार."

"का? मजकुरात चूक आहे?"

"तुम्हाला पोलीस पंच म्हणून न्यायचे ना? अकरा वेळा. तुम्हीच सांगायचात घरी येऊन." तो लहान मुलासारखा बोलत होता. "ज्याचा त्या कामात हात असेल, तो पंच होऊ शकतो का?"

"नाही. त्याची सही चालत नाही."

"मग माझी नाही चालणार."

उत्तरा म्हणाली, "नचि? म्हणजे काय?"

तो तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून बोलला. डिसेंबरापासून प्रथमच. "ती बाई रोज तुमचं नाव पुकारायची. पूर्ण नाव, आजोबांसकट. ऐकलं की मी उठायचो, बाबा. एरवी उठताच येत नव्हतं मला, फक्त तेवढ्यानं यायचं. मग त्यानंही उठता येईना."

नोकरी ऑक्टोबरातच गेली होती. गाडी विकली होती. आणखी बरेच होते. त्याने ते थांबत थांबत सांगितले व मी ते पुढील पृष्ठावर त्याच्याच शब्दांत उतरून घेतले. मध्ये एकदाही त्यास सुधारले नाही. मला आठवले की मी त्यास पाणी प्या म्हणून संदेश लिहिला होता. पाण्याचा पेला मी आता त्याच्यापुढे ठेवला. तो प्यायला.

दोन्ही भ्रमणध्वनी उत्तरेने बंद करून आपल्या कपाटात ठेवले. गच्चीची किल्ली चंद्रप्रभेच्या मंगळसूत्रात अडकविलेली आहे. दुपारी उत्तरा नचिकेतास घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे जाईल. मीही जावे असे तिने सांगितले व मी मान्य केले. भीती गेली असे लिहिणे असत्य ठरेल. हे लिहीत असतानाही माझे उजवे बोट कागदावर डाव मांडीत आहे.

वरील मजकूर मी वाचून दाखविला व तो बरोबर आहे.

पंच क्रमांक एक: चंद्रप्रभा गुणवंत आंबेरकर, वय एकाहत्तर, नात्याने पत्नी. पंच क्रमांक दोन: उत्तरा नचिकेत आंबेरकर, वय एकेचाळीस, नात्याने सून. नात्यातील पंच कोर्टात टिकत नाहीत, याची मला जाणीव आहे.

नचिकेत गुणवंत आंबेरकर, वय चव्वेचाळीस, हा आरंभापासून अखेरपर्यंत माझ्या डाव्या हातास बसून हजर होता. पंच म्हणून नव्हे.